चढावात गेलेली भिंत

वैशाखाच्या अखेरीस, एका मंगळवारी दुपारी, अरबी समुद्रातून वर सरकलेल्या चक्रीवादळाचे शेपूट बारवी धरणाच्या वरच्या डोंगरपट्ट्यावरून गेले. टेपाची वाडी या ठाकर वस्तीतल्या बहुतेक घरांची छपरे उडाली. काहींच्या भिंतीही बसल्या. एक बैल जखमी झाला. माणूस दगावले नाही.

त्यानंतरच्या शनिवारी उल्हासनगरमधल्या एका चर्चची तुकडी घरे उभी करायला निघाली. मी सोबत होतो.

सकाळी चर्चच्या आवारात टेम्पो उभा होता. तो हरेशभाईंचा. फर्निचर बाजारात त्यांचे प्लायवूडचे दुकान आहे. एरवी या टेम्पोतून लोकांची कपाटे आणि पलंग जातात. घमेली, फावडी आणि तांदळाची पोती चढल्यावर त्यांनी मला हाताने मागे ढकलले.

"साईं, पुढे नाही, मागे. पुढे पास्टर बसणार. रस्ता बंद झाला तर तेच वर बोलतील ना."

पास्टर विनय साळवे हसले नाहीत, पण सरकून बसले. पास्टर होण्यापूर्वी ते अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. तुकडीतली तरुण मुले त्यांच्या प्रवचनापेक्षा त्यांच्या पान्यावर अधिक विश्वास ठेवतात, असे हरेशभाईंनी मला जाताना सांगितले. पास्टर ऐकत होते.

आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत पत्रे घेतले. गोदामाबाहेर ते एकावर एक रचले होते आणि वरच्या पत्र्यात आभाळ दिसत होते, एक ढगसुद्धा. मुलांनी तो ढग उचलून टेम्पोत ठेवला. पुढे बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्याच्या नाक्यावर रूथ टीचर चढल्या. त्या बालवाडीत शिकवतात. वाडीशी फोनवर बोलणे त्यांचेच झाले होते, त्यामुळे कोणाचे घर, कोण कोणाचा भाऊ, हे फक्त त्यांना ठाऊक होते. नाक्यावरच्या चहावाल्याने पत्रे पाहिले, मग पास्टरांच्या गळ्यातला लहान क्रूस पाहिला.

"कुठे, डोंगरात? धर्म वाटायला?"

"पत्रे वाटायला," पास्टर म्हणाले. "तुला पाहिजेत का?"

"आमच्याकडे स्लॅब आहे," चहावाला म्हणाला आणि चहात आले जास्त टाकले.

सोनिवलीचे नवे मनोरे मागे पडले. काहींना अजून खिडक्या नव्हत्या. त्या भोकांतून पलीकडचा डोंगर दिसत होता. मग रस्त्याला जांभळाची झाडे लागली आणि उन्हात सगळेच थोडे थोडे हलू लागले: रस्ता, म्हशी, समोरून येणारी बाई. ती बराच वेळ येत राहिली आणि आली तेव्हा तिच्या डोक्यावरच्या पाटीत करवंदे होती. धरणाचे पाणी खाली गेले होते. वरून ते आमच्याच पत्र्यांपैकी एक खाली पडल्यासारखे दिसत होते.

वाडीखालचा शेवटचा चढाव टेम्पोला चढला नाही. वादळासोबतच्या पावसाने त्यात गुडघाभर खोल चर पाडले होते. आम्ही सामान खालीच ठेवून पायी वर गेलो.

तुकडीच्या वाट्याला तीन घरे आली. हा वृत्तान्त त्यातल्या एकाचा, हिरू ठाकरे आणि चांगुणाबाई यांच्या घराचा. छप्पर नव्हते. चारही भिंती आत कोसळून मातीचा ढीग झाला होता आणि त्यातून कारवीच्या काठ्या वर आल्या होत्या. कूड (कारवीच्या काठ्यांवर माती लिंपून केलेली भिंत) असा पडतो तेव्हा बसल्यासारखा दिसतो, मोडल्यासारखा नाही. पुढची दाराची चौकट मात्र उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हते, तरी शेजारची बाई पाणी घेऊन आली ती चौकटीतूनच आली, वाकून. आमच्यातलाही कोणी बाजूने आत गेला नाही. दिवसभर आम्ही त्या दारातून, उंबरा ओलांडून, आभाळात जात होतो आणि बाहेर येत होतो.

घरची माणसे नव्हती. मुलीच्या होणाऱ्या सासरच्या वाडीवर गेली होती. फोनवर हिरूने टीचरना सांगितले होते, "घर मोकळाच हाय, तुमी चालू करा."

या तुकडीची एक रीत आहे. प्रार्थनेआधी जागा झाडून लख्ख करायची, मग हात जोडायचे, मग पहिली पहार मारायची. त्याप्रमाणे कारवी एका बाजूला सरपणासारखी रचली. मातीचे काय करायचे हे हरेशभाईंनी सुचवले. चढावातले चर भरायचे. जागाही मोकळी होईल आणि टेम्पोही वर येईल.

"एक तीर, दो निशाने," ते म्हणाले. "इसको बोलते हैं धंदा."

दुपारभर घमेली खाली गेली. वाडीतली माणसे ओट्यांवर बसून पाहत होती. एक म्हातारा काही बोलायला उठला आणि पुन्हा बसला. माती भिजवून, तुडवून चर भरले. संध्याकाळी टेम्पो या एका घराच्या पत्र्यांसह गुरगुरत वर आला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. आमच्याकडून हरेशभाईंच्या घरची कोकी (कांदा घातलेली जाड सिंधी पोळी) वाटली गेली. वाडीतल्या एका म्हातारीने ती उलटसुलट करून पाहिली.

"जाड हाय. भिंतीला लावाल का?"

"अम्मा, मेरी घरवाली को मत बताना," हरेशभाई म्हणाले.

रविवारी उपासना चिंचेखाली लवकर झाली. मग लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा राहिला आणि छताला, भिंतींना पत्रे लागले. जुनी चौकट जागेवरच ठेवली. दुपारपर्यंत घर तयार होते. ते इतके चकाकत होते की कोंबड्या त्यापासून लांब फिरत होत्या. आत उभे राहिले की स्क्रूच्या भोकांतून उन्हाचे बारीक ठिपके जमिनीवर पडत आणि सावकाश सरकत.

संध्याकाळी चांगुणाबाई, हिरू आणि त्यांची मुलगी मंगल चढाव चढून आली. मंगलचे लग्न येत्या शुक्रवारी होते. हे टीचरना ठाऊक होते. घाई त्यासाठीच होती.

चांगुणाबाई चौकटीतून आत गेल्या. मागच्या पत्र्याला त्यांनी हात लावला आणि लगेच मागे घेतला. पत्रा अजून तापलेला होता.

"चांगला केला," त्या म्हणाल्या. "पानी येनार नाय." मग त्या सगळीकडे पाहत राहिल्या. "माती कठं हाय?"

टीचरनी चढावाकडे बोट दाखवले.

"रस्त्यात?"

"चर भरले, मावशी. टेम्पो यावा म्हणून."

चांगुणाबाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. मंगलने डोक्यावरचा हंडा उतरवला आणि आईशेजारी उभी राहिली. पुढचे हिरूने सांगितले, तुटक तुटक. लग्नात घरातल्या मागच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक (लग्नाचे चौकोनी चित्र) काढतात. चौकासमोर धवलारीण (लग्नाची गाणी म्हणणारी बाई) गाते, तेव्हा लग्न लागते. चौक मातीच्या भिंतीवर निघतो. त्यांच्या घराण्यात नवी भिंत घालताना जुन्या भिंतीची माती तिच्यात कालवतात. चांगुणाबाई सून होऊन आल्या तेव्हाचा चौक त्याच मातीवर होता, त्यांच्या नणंदांचेही. व्याही म्हणत होते, तुमचे घर पडले आहे तर लग्न आमच्या वाडीत उरकू. तेच नाकारायला ही तिघे शनिवारी गेली होती.

"मी बोलून आले," चांगुणाबाई म्हणाल्या, "माजी पोर माज्या घरातूनच निघल. चार मानसांत बोलून आले. आता काय पत्र्यावर काढू?"

पास्टरांनी ओट्यांवरच्या लोकांना विचारले, काल तुम्ही कोणी थांबवले का नाही. काल उठलेला म्हातारा म्हणाला, "तुमी एवढं मन लावून उचलत हता. आमाला वाटला, हिरूनंच सांगितला आसल."

दिवे लागायच्या सुमारास तुकडी टेम्पोच्या फाळक्यावर बसली. परत जायचे बुधवारी ठरले होते आणि दोन घरे बाकी होती. एका मुलाने पास्टरांना विचारले, "चौकात देवी असते म्हणतात. आपण ती भिंत कशी घालायची?" खाली धरणावर अजून थोडा उजेड होता.

"आपण भिंत घालायची," पास्टर म्हणाले. "तिच्यावर काय काढायचं ते घरचे बघतील."

"पण पास्टर, चर्चमध्ये कोणी विचारलं तर?"

"तर सांग, दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता उचलली होती, ती परत ठेवली. याला प्रार्थना नाही लागत. घमेली लागतात."

हरेशभाई डोके खाजवत होते. "साईं, एक बात. माती काढली तर माझा टेम्पो वर अडकणार."

"म्हणून तो आधी उतरवा."

"और बाकी दो घर का सामान?"

"डोक्यावर."

हरेशभाईंनी मुलांच्या डोक्यांकडे क्रमाने पाहिले. "मजबूत दिखते हैं," ते म्हणाले.

सोमवारी पहाटेच टेम्पो खाली गेला. त्याच्यामागे आम्ही कुदळी घेऊन उतरलो. आम्हीच तुडवून घट्ट केलेली माती होती. ती आता टायरच्या नक्षीसकट उखडावी लागली. रस्त्याची माती काळपट, मुरमाड होती; भिंतीची पिवळसर, तिच्यात भाताचा तूस. चांगुणाबाई वाकून दोन्ही वेगळ्या करीत होत्या. थोड्या वेळाने शेजारच्या बाया आल्या, मग ओट्यांवरचे पुरुषही. घमेली आता उलट्या बाजूने जात होती. एका बाईने हरेशभाईंना विचारले, "शेट, परवाच्या खेपा मोजायच्या का आजच्या?"

"अम्मा, धंदे में दोनों लिखते हैं."

ऊन वाढले तशी माती हलकी होऊन हवेत राहू लागली. माणसे तिच्यात कमरेपर्यंत पुसट दिसत; वरची अर्धी चढत होती, खालची नव्हती. फक्त घमेल्यांच्या कड्यांचा आवाज.

एका चराच्या तळाशी मोठे ढेकूळ निघाले. मंगलने ते फोडायला घेतले आणि थांबली. फुटलेल्या बाजूवर, शेणाच्या सारवणांच्या दोन थरांमध्ये, एक पांढरी रेघ होती. तिला काटकोनात दुसरी. बोटभर लांब. आम्ही सगळे पाहायला गोळा झालो. टीचरनी फोन काढला.

"हा कोनाचा, आये?" मंगलने विचारले.

चांगुणाबाईंनी ढेकूळ हातात घेऊन उन्हाकडे तिरपे धरले. "माजा नाय. माजा वरच्या थरात आसल. हा आदीचा." टीचरनी फोटो काढायच्या आत त्यांनी ते पाण्याच्या खड्ड्यात सोडले आणि पायाने कालवले.

"अरे," टीचर म्हणाल्या.

"भिंतीत जातोय तो," चांगुणाबाई म्हणाल्या. "कठं जातोय?"

मंगळवारी कूड उभा राहिला, मागच्या पत्र्याच्या आत, वीतभर जागा सोडून. सरपण म्हणून रचलेली कारवी सुदैवाने कोणी जाळली नव्हती. बायांनी ती विणली. आम्ही माती पोचवली. पास्टरांनी सांगाड्याला दोन आडव्या नळ्या जास्तीच्या लावल्या, वारा आला तर कूड हलू नये म्हणून. लिंपण हातांनी झाले. एका कोपऱ्यात हरेशभाईंच्या पंजाचा ठसा राहिला. चांगुणाबाईंनी तो पाहिला आणि त्यावर सारवले.

दुपारी सगळे त्या घरात आडवे झाले. ओल्या भिंतीमुळे आत गार होते. मातीचा, शेणाचा आणि भिजलेल्या तुसाचा वास येत होता. छताच्या भोकांतले ठिपके भिंतीवर चढले होते, तिथून सावकाश उतरत होते. मला झोप लागली असावी. जागा झालो तेव्हा चौकटीत एक बकरी उभी होती आणि तिच्यामागे सगळी दरी पांढरी होती.

बुधवारी दुपारपर्यंत उरलेल्या दोन घरांना छप्पर लागले. त्यांचे पत्रे मुलांनी दोघादोघांनी मिळून चढावावरून वर आणले होते. निघताना चांगुणाबाईंनी टीचरना करवंदांचा द्रोण दिला आणि पास्टरांना विचारले, "शुक्करवारी येशील का, बाबा?"

"शुक्रवारी आमच्याकडे एक दफन आहे, मावशी."

"मंग त्यांना आमचा रामराम सांग," त्या म्हणाल्या.

भिंत वरून कोरडी दिसत होती. बोटाने दाबली की अजून थोडी खाली जात होती. चांगुणाबाईंनी ती दोनदा दाबून पाहिली. चढावाचे चर पुन्हा उघडे पडले होते. आम्ही काठांवरून उतरलो. खाली टेम्पोत हरेशभाईंनी घमेली मोजली. एक वर राहिले होते. ते आणायला कोणी गेले नाही.

परतीच्या वाटेवर सोनिवलीच्या मनोऱ्यांत दिवे लागले होते, मोजक्या खिडक्यांत. हेंद्रेपाड्याच्या नाक्यावर टीचर उतरल्या. चहावाल्याने पास्टरांना ओळखले. "वाटले का सगळे?" त्याने विचारले. पास्टरांच्या कानामागे अजून पिवळी माती होती. "थोडं परत आणावं लागलं," ते म्हणाले. उल्हासनगरला पोचेपर्यंत मागची मुले एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती.

शनिवारी सकाळी हिरूचा टीचरना फोन आला. त्यांनी तो दुपारी मला जसाच्या तसा सांगितला. भिंत गुरुवारी वाळली. चौक मागच्या भिंतीवर निघाला. धवलारीण त्याच्यासमोर बसून गायली. वऱ्हाडाची जीप चढावाखाली थांबली, वर आली नाही. मंगल जुन्या चौकटीतून बाहेर पडली आणि चढाव पायी उतरून गेली.