सोवळ्याच्या वलणीवरची विजार

डॉक्टरीणबाईंनी माझ्या मांडीवर अंगठा दाबला आणि विचारलं, "दुखता है?"

एवढंच. पण इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. जो तो विचारायचा ते, काय खातेस. मी "हाँ" म्हणता म्हणता रडायलाच लागले.

"ये मोटापा नहीं है, मैडम जी. लिपिडिमा है. इसमें आपकी कोई ग़लती नहीं."

लिपिडिमा म्हणजे दोन्ही पायांत सारखीच साठणारी दुखरी चरबी. पाऊल बारीक राहतं, वरचा पाय खांबासारखा. जरा कुठे आपटलं की काळानिळा डाग. उपाशी राहून ही चरबी हटत नाही. मी तर सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं धरलं होतं. गळ्याची हाडं वर आली, पाय ढिम्म. "उपास करतेस की फराळ?" असं सासूबाई म्हणायच्या आणि मी हसून सोडून द्यायची. आतून लागायचंच.

मी बबीन्याच्या शाळेत शिकवते. झाशीहून बस, मग दिवसभर फळ्यासमोर उभी. शेवटच्या तासाला पाय असे ठणकत की राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. तो द्यावा लागू नये म्हणून मी लायपोसक्शनला तयार झाले.

तुम्हीही या शस्त्रक्रियेचा विचार करत असाल तर आधी हे ऐका. याने वजन फारसं उतरत नाही. आजार मुळापासून जाईलच असंही नाही. दुखणं कमी होऊ शकतं. डॉक्टरीणबाईंनी हे मला तीनदा सांगितलं आणि घरी जाऊन विचार करा म्हणाल्या. मला त्या तिथेच आवडल्या.

मग तपासण्या. रक्त, साखर, ईसीजी आणि डॉपलर, म्हणजे पायांच्या शिरांतून रक्त नीट वाहतं का ते पाहणारी सोनोग्राफी. घरी कसल्या गोळ्या घेता, असं नर्सने खोदून खोदून विचारलं. आमच्या घरात लसूण वर्ज्य, म्हणून लसणाच्या गोळ्या मी चोरून घ्यायची. तिने ते बरोबर काढून घेतलं. लसणानं रक्त पातळ होऊ शकतं, म्हणून त्या बंद झाल्या. तेव्हा काढे, चूर्णं, चोरीच्या गोळ्या, सगळं सांगून टाका.

शस्त्रक्रियेत आधी पायांत औषधी पाणी भरतात, मग बारीक नळीनं चरबी ओढतात. मला भूल दिलेली, काही कळलं नाही. जागी झाले तेव्हा पाय जांभळे आणि चादर गुलाबी पाण्यानं भिजलेली. छोट्या भोकांतून एक-दोन दिवस असं गळतं. शिरेत गाठ होऊ नये म्हणून नर्सने त्याच दिवशी मला धरून चालवलं.

आणि मग विजार. कॉम्प्रेशन गारमेंट म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत घट्ट आवळणारी इलॅस्टिकची विजार. सहा आठवडे रात्रंदिवस घालायची, फक्त आंघोळीपुरती काढायची. दोन मिळाल्या, एक अंगावर, एक धुण्यात.

दोन आठवड्यांनी गौरी आल्या. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात होतो. धुऊन, उंच वलणीवर काठीनं टाकून, कुणी न शिवता वाळवलेलं वस्त्र नेसायचं. इलॅस्टिकची विजार त्यात कुठे बसणार? मला कुणी काढ म्हटलं नाही. मीच शहाणपणा केला, पहाटे ती उतरवली, रेशमी लुगडं नेसले आणि दुपारपर्यंत पुरणपोळ्या लाटल्या. गौरी जेवल्या आणि माझी डावी मांडी तट्ट फुगली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई बरोबर आल्या. "सेरोमा है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कातडीखाली पाणी साठलं होतं. त्यांनी ते सुईनं काढलं. "देवी जी ने कहा था उतारने को? इसमें इन्फेक्शन हुआ तो स्कूल भूल जाइए."

सासूबाईंनी माझ्या विजारीकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "डॉक्टर साहिबा, ये धुलता है क्या?"

"रोज़ धोइए, अम्मा."

परतताना रिक्षा बडा बाजारात अडकली. आता बोलणी बसणार म्हणून मी वाट पाहत होते, पण त्यांनी एवढंच विचारलं, "रोज धुवायची म्हणाल्या ना?"

पुढे पितृपक्षात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. गौरींपेक्षाही कडक सोवळं. यंदा मला स्वयंपाकघराबाहेर बसवतील, असं मी धरूनच चालले होते. आंघोळ करून आले तर वलणीवर त्यांच्या रेशमी लुगड्याशेजारी माझी विजार वाळत होती.

"वृंदा, आधी ही घाल, मग वरून लुगडं नेस," त्या काठीनं ती उतरवत म्हणाल्या. "मी ओलेत्यानं धुतलीय. कुणी शिवलेलं नाही."

"आई, पण बाबांचं श्राद्ध..."

"त्यांना मी सांगते काय सांगायचं ते." मग म्हणाल्या, "दुखतं का गं अजून?"

"थोडं."

"मग स्टूल घे. बसून लाट."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आता मी शेवटच्या तासालाही उभी असते. राजीनामा कधीच फाडला. डॉक्टरीणबाईंचे उपकार जन्मभर आहेत. सहा आठवडे संपले, तरी पाय जड वाटतात त्या दिवशी विजार घालते. ती अजून सोवळ्याच्या वलणीवरच वाळते, आणि सासूबाई मला तिला हात लावू देत नाहीत.