पातेऱ्याची ओळ

प्रकाशने शर्टाच्या खिशातून पेपरचं कात्रण काढलं. चार घड्या घातलेलं होतं. घडीच्या जागी अक्षरं पुसट झाली होती.

"हो पेपर तुमचोच मां?"

मी हो म्हणालो. बातमी माझीच होती, महिनाभरापूर्वीची. दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडू लागले होते, तेव्हा दिलेली.

"मगे वाचा," तो म्हणाला.

आम्ही तालुक्याच्या रुग्णालयात होतो, मुलांच्या वॉर्डात. त्याची साडेचार वर्षांची मुलगी सान्वी खाटेवर झोपली होती. हाताला सलाईन. पाच दिवस ताप उतरला नव्हता. आदल्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला होता, माकडताप पॉझिटिव्ह. त्या मोसमातली ती सर्वांत लहान रुग्ण, म्हणून मी तिची बातमी करायला गेलो होतो.

मी कात्रण वाचलं. माकडं मेलेली दिसल्यास कळवावे. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगाला आरोग्य खात्याने दिलेले तेल लावावे. लहान मुलांना काजूच्या बागेत नेऊ नये.

"आमी न्हेलाव नाय," प्रकाश म्हणाला. "एक दीस सुदीक नाय. मी गोव्याक कामाक जातंय. ही पोरांका घेवन घरात रवली. काजी झाडाखालीच कुसल्यो. मगे ह्या तिका झाला कसा?"

त्याची बायको रेश्मा खाटेच्या कडेला बसली होती. मुलीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत ती म्हणाली, "बागेत जावक रडायचा. मी म्हटलंय, नको गो बाय, थंय गोचडी चावतत. वासराकडे खेळ."

ते ऐकून मी वॉर्डाबाहेर आलो.

हा आजार पसरतो कसा, ते आधी सांगायला हवं. तापाचे जंतू गोचिडीच्या अंगात असतात. रानात माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात आणि सुक्या पाचोळ्यात राहतात. त्यांची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. चावली तरी कळत नाही. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही. त्यावर नेमकं औषधही नाही. सलाईन द्यायचं, रक्तातल्या प्लेटलेट्स मोजत राहायच्या आणि शरीर झुंज देतं का ते पाहायचं.

आमच्याकडे सुक्या पाचोळ्याला पातेरा म्हणतात. माघात बायका रानातून पातेऱ्याचे भारे आणतात. गुरांच्या पायांखाली पसरतात, पुढे त्याचंच खत होतं. गोठ्यात पातेरा नाही असं घर तालुक्यात सापडणार नाही. माझ्या घरीही तो यायचा.

मी फोनवर जुना ईमेल उघडला. ऑफिसला पाठवलेली मूळ कॉपी तिथे होती. शेवटचा परिच्छेद एका वाक्याचा होता. रानातला पातेरा यंदा घरी किंवा गोठ्यात आणू नये आणि आणला असल्यास मुलांना त्यात खेळू देऊ नये, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले.

छापलेल्या बातमीत हे वाक्य नव्हतं.

मी डेस्कला फोन लावला. डेस्क म्हणजे बातम्या तपासून, कापून पानात बसवणारी माणसं. आमचं डेस्क घाटावर आहे. तिथला प्रमुख माझ्या बरोबरीचा.

"थांब, पान काढतो," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आयत्या वेळी शोरूमची जाहिरात आली होती. सहा ओळी जास्त होत होत्या. खालून कापल्या."

"त्यात पातेऱ्याची ओळ गेली."

"पातेरा म्हणजे?"

"पाचोळा."

"अरे, मग तो शेवटी कशाला टाकलास? नव्या पोरांना तूच तर शिकवतोस, कुठूनही कापली तरी उभी राहील अशी कॉपी लिहा म्हणून."

ते खरं होतं. बातमीत महत्त्वाचं वर लिहितात, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की डेस्क न वाचताही खालून कापू शकतं. त्याने रीतीप्रमाणे काम केलं होतं. डॉक्टरांनी पातेऱ्याचं सांगितलं तेव्हा मी पेनाला टोपण लावलं होतं. ते पुन्हा काढून मी ती ओळ लिहून घेतली. ज्या क्रमाने ऐकलं, त्याच क्रमाने पाठवलं.

"उद्या शुद्धिपत्रक देऊ या," मी म्हणालो.

"कशाचं? चुकीचं छापलं तर शुद्धिपत्रक. आपण चुकीचं काय छापलंय?"

काहीच नाही. छापलेलं सगळं बरोबर होतं.

"मग नवी बातमी घे," मी म्हणालो. "पहिल्या पानावर."

"मुलगी सिरीयस आहे का?" त्याने विचारलं. त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

मी प्रकाशला कॉरिडॉरमध्ये बोलावलं. मुलीचं झालं ते झालं होतं, पण तिचा दोन वर्षांचा भाऊ घरी काकीकडे होता.

"गोठ्यात पातेरो आसा?" मी विचारलं.

"आसा मां. सगळ्यांच्याच गोठ्यात आसा."

"कोणी हाडलो?"

"बायलेन हाडल्यान. वयल्या रानातसून." एवढं बोलून तो थांबला. मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी फोनवरची मूळ कॉपी त्याला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, मग हातातल्या कात्रणाशी ताडून पाहिली. घरी फोन लावला.

"वैनी, झिलाक गोठ्याकडे सोडू नकात. नाय, आताच उचला तेका. न्हाणू घाला, कपडे उकळत्या पाण्यात टाका. कित्याक ता मगे सांगतंय."

फोन ठेवून तो भिंतीला टेकला. "भाऊ, हिका सांगू नकात. तिनाच हाडललो तो. वासराकडे खेळ म्हणान तिनाच सांगलला."

"उद्या पेपरात येणार, प्रकाश. गावात सगळे वाचणार."

"येवंदे. येवकच व्हया. बाकीची पोरा आसत. तिका मी सांगतलंय, माका सुचात तसा."

बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आली. पातेरा पहिल्या वाक्यात होता. मुलीचं नाव, गाव काही दिलं नाही. त्या आठवड्यात आरोग्य खात्याची माणसं वाडीवाडीत फिरली, गोठे रिकामे केले. काही घरांतून त्यांना शिव्या मिळाल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पातेरो नाय तर गुरांखाली काय, तुमचो पेपर घालू?" मी ते छापलं नाही.

आजाराच्या सातव्या दिवशी सान्वीचा ताप उतरला. तिने पेज खाल्ली. नवव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की या आजारात ताप काही दिवसांनी उलटू शकतो. रेश्माने वहीत रोज तीन वेळा ताप लिहून ठेवला. घरी आल्यावर आठ दिवस आकडा साधा होता. नवव्या दिवशी तो वाढला. दुपारी मुलीला झटके आले. गोव्याच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डेस्कने फोटो मागितला. मी नाही म्हणालो. "घरच्यांनी नाही म्हटलं, की तू?" प्रमुखाने विचारलं. मी म्हणालो, मी. त्याने जास्त ताणलं नाही. बातमी एका कॉलमाची, लहानशी लागली.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. काम नव्हतं. गोठा धुऊन काढलेला होता, भिंतींना चुना मारलेला. वासरू बाहेर फणसाला बांधलं होतं. धाकटा मुलगा ओटीवर खेळत होता. प्रकाश पुन्हा कामावर जाऊ लागला होता. रेश्माने पाणी आणून दिलं आणि उंबऱ्याशी बसली.

"ह्येंनी सांगल्यानी माका," ती म्हणाली. "ती ओळ तुमी लिवललात मां?"

"लिहिली होती."

"खंय?"

"शेवटी."

जाहिरात, डेस्क, कापाकापी, हे सगळं मी वाटेत मनात जुळवून ठेवलं होतं. ओळ कोणी कापली, ते तिने विचारलं नाही.

"शेवटी कित्याक?"

"मला ते किरकोळ वाटलं होतं," मी म्हणालो. "आमच्याकडे पण दरवर्षी पातेरा आणतात."

ती मुलाकडे पाहत होती.

"माका पण तसाच वाटला असता," ती म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

मुलाला ताप आला नाही. त्या मोसमात त्या वाडीत दुसरं कोणी आजारी पडलं नाही. आता आजाराची बातमी लिहायची असली की मी वही उलटी वाचतो. टोपण लावल्यावर डॉक्टर जे बोललेले असतात, ते पहिल्या वाक्यात घेतो. डेस्क अजूनही खालूनच कापतं.