हौदाच्या तळाची लाइन

अंगावरून वारं गेल्यावर बायकोचा डावा पाय ओढायला लागला. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून पोलादपूरजवळच्या आमच्या घरामागे मी पंधरा फुटांचा पोहण्याचा हौद बांधला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. गावाने मला वेड्यात काढलं. रोज सकाळी उताराखालच्या घरातली बाई यायची आणि पाण्यात उतरून बायकोला कमरेला धरून चालवायची. माझ्या हाताला धरून बायको पाऊल टाकायची नाही. मी घाई करतो म्हणायची.

मे महिन्यात हौदाचं पाणी रोज चार बोटं उतरू लागलं. महाडच्या केमिकल कारखान्यात मी वीस वर्षं मेंटेनन्सला काढली होती. तिथे शिकलो ते एकच: गळती दिसली की आधी माणूस धरायचा, मग पाइप. तळाला निचऱ्याची एक जुनी लाइन होती. पंप बसवल्यापासून ती वापरात नव्हती. तिचं बाहेरचं तोंड आणि व्हॉल्व्ह दोन्ही खाली, त्या बाईच्या गोठ्यालगत. आणि तिच्या नवऱ्याची भेंडी भर उन्हात हिरवीगार! आणखी काय पुरावा हवा?

एका सकाळी मी तिला म्हणालो, "आमचं पाणी तुमच्या भेंडीला बरंच मानवलंय हो." तिने बायकोला काठावर बसवलं आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं.

मग ती लाइन कायमची बुजवायला गवंडी बोलावला. त्याने तळ पाहिला आणि विचारलं, "खालच्याला हाळी दिलीत का?"

"कशाला?"

"वरच्या खाचरानं खालच्याला हाळी दिल्याबिगर पान्याचं तोंड सोडायचं नाय नि बांधायचंबी नाय. रीत हाय."

भाताची रीत हौदाला लावतोय! हा आणि ती बाई एकाच वाडीचे, म्हणजे हाही सामील. त्याला वाटेला लावलं आणि मीच हौदात उतरलो. पाणी उपसलं, तळातलं पाइपचं तोंड घासून कोरडं केलं, नट आवळला की फुगणारं रबरी बूच आत बसवलं आणि वरून गळती थांबवणारं सिमेंट ठासलं. दोन दिवसांनी हौद भरला. पुढचे चार दिवस पाणी बोटभरही उतरलं नाही.

मी फुशारकीने बायकोला सांगायला गेलो. ती काठावर कोरडे पाय घेऊन बसली होती.

"पाणी राहिलं," ती म्हणाली. "आता चालवणार कोण?"

मी खाली गेलो ते, खरं सांगायचं तर, वाळलेली भेंडी बघायला. भेंडी तशीच होती. बाई विहिरीवरून हंडे आणून तिला घालत होती. गोठ्याची भिंत मात्र गुडघाभर ओलीने फुगून ढासळलेली. पाणी वळवायला कडेने चर खणला होता आणि आमच्या गळक्या व्हॉल्व्हला चिंध्या करकचून बांधल्या होत्या.

"अहो, सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"तुमीच सोडलंय असं वाटलं. त्यात वयनी आजारी. कसं बोलायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलो म्हणालो, हात जोडले. उद्या याल का, विचारलं. तिने हंडा खाली ठेवला.

"येते. पन तेवढा येळ तुमी घरात नको."

तेव्हापासून सकाळचा तासभर मी पोलादपूरच्या स्टँडवर चहा पीत काढू लागलो. पावसाच्या तोंडाला बायको काठीशिवाय दारापर्यंत चालत आली. मला ते स्टँडवरून परतल्यावर कळलं.