पान सांगा, ओळ सांगा

माझी नणंद लोभापायी फसली असं पुन्हा कोणी माझ्यासमोर म्हटलं, तर मी त्याचे दात त्याच्याच घशात घालीन. मी दातांच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावते, तेव्हा पुढची सोयही तिथेच होईल. पण बोलणाऱ्याने आधी ऐकून घ्यावं ही बाई कोण आहे ते.

वन्संनी सगळा जन्म एका छापखान्यात प्रुफं वाचली. कटिंग मशीनच्या शेजारी काचेची एक खोली होती, पंखा लावला की कागद उडतात म्हणून पंखा बंद. तिथे लाल पेन घेऊन बसायच्या. दुसऱ्या बाजूला एकजण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि ह्या छापलेल्यावरून नजर फिरवत जायच्या. पहिली-दुसरी वेलांटी चुकली की पेन आपोआप थांबायचं. छापखान्यातली मंडळी त्यांना वेलांटीबाई म्हणायची, पाठीमागे नव्हे, तोंडावर. घरीसुद्धा तेच. दुकानाच्या पाट्या वाचत चालणार, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचताना कपाळाला आठ्या घालणार. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी चूक काढली होती. आमच्या माहेरच्यांनी छापलेली होती ती, त्यामुळे मला तेव्हा फार लागलं होतं. चूक मात्र होती.

त्यांचा एकच नियम होता. चूक आहे असं नुसतं म्हणायचं नाही, पान सांगायचं, ओळ सांगायची. मालक असो की कंपोझिटर, सगळ्यांना तोच नियम. एकदा एक लेखक तणतणत आले, पुस्तकभर चुका केल्यात म्हणाले. वन्संनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, पान सांगा, ओळ सांगा. त्यांनी दोन सांगितल्या. एक त्यांच्याच अक्षरातली निघाली, दुसरी खरंच वन्संची होती. ती त्यांनी तिथल्या तिथे कबूल केली, आणि किती वर्षं झाली तरी त्यांच्या मनातून ती गेलेली नाही.

मग छापखाना बंद पडला आणि वन्सं घरी बसल्या. लग्न केलं नव्हतं, राहायला आमच्याकडेच. त्यातच गुडघे गेले. ऑपरेशन करायचं ठरलं, त्यासाठी साठवलेले पैसे बँकेत ठेव म्हणून होते. पण वन्संना घरात नुसतं बसवेना. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायच्या. पुस्तकाचं शेवटचं पान संपल्यावर दुसरं हातात नसलं की माणूस कसं कावरंबावरं होतं, तशा त्या दिवसभर असायच्या.

अशात त्यांच्या फोनवर ती जाहिरात आली. घरबसल्या टायपिंगचं काम. जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो येणार, ते बघून टाइप करून पाठवायचं, महिन्याच्या शेवटी मोबदला. मी म्हटलं, वन्सं, जपून, आधी पैसे भरायला लावतील आणि पळतील. त्यांनी विचारून घेतलं. एक पैसा भरायचा नव्हता. मग मीही गप्प बसले. लांडगा दारातून येतो म्हणून दाराशी काठी घेऊन उभी राहिले, तो मागच्या खिडकीतून आला.

फोनवर एक लांबलचक करार आला, खाली ‘मान्य’ असं बटण. त्यांनी तो करारही पूर्ण वाचला, बरं का. काम जसंच्या तसं हवं, चुका ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्या तर दंड, असं त्यात लिहिलेलं होतं. वन्संना ते अगदी रास्त वाटलं. चुकीचा दंड हवाच, म्हणाल्या. बटण दाबलं.

आणि काय सांगू, बाई हरखून गेली. जिन्याकडच्या खिडकीखाली टेबल लावून त्यावर घरातला कॉम्प्युटर मांडला, डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठा सारला, चष्म्याचा नंबर तपासून आणला. मी संध्याकाळी दवाखान्यातून आले की आज काय काय झालं ते मला सांगायच्या. ती पानं म्हणजे कुणी तरी मुद्दाम बिघडवलेली असावीत. ‘आशिर्वाद’ म्हणे, शि पहिली. ‘ऊपयोग’. ‘पुर्वी’. हात तसं टाइप करेचना त्यांचा. मी विचारलं, पण जसंच्या तसं म्हटलंय ना? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना दुधात मीठ घालायला सांगत होते. म्हणाल्या, पुढे छापून जाणार ते, लोक वाचतील, माझ्या हातून ‘आशिर्वाद’ कसा जाईल? काम पाठवायच्या दिवशी देवळात जाताना नेसतात तसं चांगलं लुगडं नेसल्या होत्या.

त्यानंतर काही दिवस त्या अगदी गप्प झाल्या. मला वाटलं गुडघा. एका रविवारी त्यांनी ह्यांना, म्हणजे आपल्या भावाला, बँकेत ठेव मोडायला सोबत चल म्हणून सांगितलं. मला वाटलं ऑपरेशनची तारीख मिळाली.

“तारीख नाही,” वन्सं म्हणाल्या. “दंड भरायचाय.”

“कसला दंड?”

“माझ्या चुकांचा.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. काम नापास झालं होतं. चुका मर्यादेबाहेर, करार मोडला, कंपनीचं नुकसान झालं. कुणी वकील म्हणवणारा रोज फोन करत होता, कोर्टाच्या शिक्क्याचे कागद फोनवर धाडत होता. एक हप्ता वन्संनी कुणाला न सांगता भरलाही होता. आता उरलेली सगळी रक्कम एकदम हवी होती, म्हणजे गुडघ्याची ठेव गेलीच म्हणायची.

ह्यांनी कपाळावर हात मारला. एवढी वाचणारी बाई, हिला कळलं कसं नाही? ह्यांना म्हटलं, तुम्ही जरा तोंड मिटा. ज्याला फसवायचं त्याची नस बघूनच हात घालतात मेले. लोभ्याला लोभ दाखवतात, आणि हिला हिचीच चूक दाखवली. आयुष्यभर जिने चुकीची लाज बाळगली, तिच्याकडून दंड घेणं किती सोपं. मी दवाखान्यात महिनाभर चुका केल्या तर डॉक्टर मला काढून टाकतील, माझ्या घरी वसुलीला माणूस धाडणार नाहीत. काम करणाऱ्याकडेच काम देणारा पैसे मागतो, ते आधी मागो की नंतर, तो काम देणारा नव्हेच. आणि खरा वकील रोज फोन करून बाईमाणसाला रडवत बसत नाही.

मी हे सगळं वन्संना सांगितलं, पण त्या ऐकेनात. मी खरंच बदललं गं, म्हणत राहिल्या. जसंच्या तसं म्हटलं होतं आणि मी नाही केलं. माझा मग ताबा सुटला.

“चुका किती ते रोज सांगतो तो,” मी म्हटलं. “कुठल्या ते एकदा तरी सांगितलं का?”

 वन्सं उठल्या, टेबलापाशी जाऊन बसल्या, चष्मा लावला आणि स्वतःहून त्याला फोन लावला. आवाज आम्हाला ऐकू येईल असा ठेवला.

“साहेब, दंड भरते मी,” त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या. “फक्त पान सांगा, ओळ सांगा.”

तो म्हणाला, कॉम्प्युटरनं काढल्यात चुका, हजारो आहेत. वन्सं म्हणाल्या, मग पान असेलच, सांगा. तो चिडला, पोलीस घरी पाठवतो म्हणाला, भावालाही आत टाकतो म्हणाला. वन्सं ऐकून घेत होत्या. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, “बरं, पहिलं पान कुठल्या शब्दानं सुरू होतं, तेवढं तरी?”

पलीकडून एक घाणेरडी शिवी आली आणि फोन बंद झाला.

मला वाटलं आता सुटल्या, आता हसतील. पण वन्संनी चष्मा काढला आणि पदर डोळ्याला लावला. भावाच्या तेराव्यालाही, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाच्या, मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

“वाचलंच नाही गं कुणी,” म्हणाल्या. “एक पानसुद्धा नाही वाचलं.”

त्या क्षणी तो माणूस माझ्यासमोर असता तर काय केलं असतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पैसे लुटलेत ते लुटलेत, पण ह्या बाईने ज्या ‘आशीर्वादा’साठी डोळे फोडून घेतले, तो कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही. त्याचा दंड कुठल्या कोर्टात मागायचा?

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना पोलिसांकडे घेऊन गेले. ऑनलाइन फसवणुकीच्या टेबलावर एक थकलेला हवालदार होता, माणूस चांगला. वन्सं, आधी बसा, म्हणाला. मी त्यांना वन्सं म्हणते हे ऐकून त्यानेही तेच धरलं होतं, बिचाऱ्याला वाटलं नावच आहे. सगळं ऐकून त्याने तक्रार टाइप केली आणि सहीला कागद पुढे केला. वन्संनी पर्समधून लाल पेन काढलं. वाचत गेल्या, आणि पेन थांबलं.

“हे काढा,” म्हणाल्या.

तिथे लिहिलं होतं, ‘जादा पैशांच्या आमिषाला बळी पडून.’ हवालदार म्हणाला, सगळ्यांच्या तक्रारीत तसंच असतं, तो मजकूर तयारच असतो.

“मग सगळ्यांच्या तक्रारीत चूक आहे,” वन्सं म्हणाल्या. “पान पहिलं, ओळ चौथी. आमिष नव्हतं. मी काम मागितलं आणि काम केलं.”

त्याने कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि ओळ बदलली. ‘काम करून घेऊन मोबदला न देता, उलट धमकावून पैसे उकळले’ असं लिहिलं. वन्संनी पुन्हा वाचून सही केली. पुरावा म्हणून काय जोडायचं, असं त्याने विचारलं तेव्हा त्यांनी पिशवीतून टाइप केलेल्या पानांच्या छापून आणलेल्या प्रतींचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. एवढी सगळी कशाला, नमुन्याला दोन-चार पुरेत, तो म्हणाला.

“सगळी जोडा,” वन्सं म्हणाल्या. “कुणी तरी वाचायला हवीत.”