ग्रहणात चिरलेली भेंडी

माझ्या नवऱ्याच्या वरच्या ओठावर टाक्यांचा वण आहे. तो जन्मला तेव्हा ओठ दुभंगलेला होता, पुढं ऑपरेशन करून शिवला. सासूबाईंच्या मते हे त्यांचंच पाप. पोटुशी असताना ग्रहणात त्यांनी विळीवर भेंडी चिरली होती. आल्यागेल्याला हे त्या आपणहून सांगायच्या. बिचाऱ्यानं मिशी ठेवली तरी सुटका न्हाय.

मग मला दिवस राहिले आणि नेमकं ग्रहण आलं. सासूबाईंनी विळी, सुरी, कात्री सगळं पेटीत कोंडलं. मला म्हणाल्या, "हात मांडीवर ठेवून गप बस." पण वडगावातलं विणकराचं घर आमचं, माग घरातच. मागावरच्या साडीवर एक तुटका धागा लोंबत होता. मी कसली गप बसतेय! उठले आणि दातानं तोडला. सासूबाईंनी बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या मटकन खालीच बसल्या. खोटं कशाला बोलू, मग मीही लई घाबरले.

पाचव्या महिन्यात टिळकवाडीला स्कॅनिंगला निघालो, तर सासूबाई आमच्या आधी रिक्षात. डॉक्टरीणबाई पडद्यावर एकेक दाखवत होत्या. हे हृदय, हे त्याचे चार कप्पे. ह्या किडन्या, हा पाठीचा कणा. माझे डोळे भरून आले. सासूबाईंना त्याचं काही नव्हतं.

"ओठ बघा आधी."

"बघितला. चांगला जुळलाय."

"हिनं गेल्या महिन्यात ग्रहणात धागा तोडलाय हो!"

डॉक्टरीणबाई चिडल्या न्हायत. म्हणाल्या, "आजी, ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. हृदय तर त्याच्याही आधी धडधडायला लागतं. कधी एखादा ओठ जुळायचा राहतो, त्यात आईचा दोष नसतो. आणि एकदा जुळला की धागा तोडून फाटत नाही."

सासूबाई डॉक्टरीणबाईंच्या जवळ सरकल्या. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि सातव्या महिन्यात भेंडी चिरली तर?"

"तर भाजी होते, आजी."

मला हसू आवरेना. सासूबाई मात्र पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांना रडताना बघून बाकावरचा नवरा उठला, त्याचा चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं आई? बाळ बरं हाय न्हवं?"

"बाळ बरं हाय." त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तुझा ओठ मी न्हाय रं फाडला. मी न्हाय."