पाठमोरा की सामोरा

पेर्तो,

तुला पत्रं वाचायचा कंटाळा आहे, तरी लिहिते. समोर आलास की तू पान्सितच्या शेवयांची बशी पुढे करतोस आणि विषय बदलतोस.

आंगोनोत तुझ्या हातचा टी-शर्ट ज्यानं कधी घातला नाही असा माणूस सापडायचा नाही. निवडणुकीला दोन्ही पक्षांचे टी-शर्ट तूच छापायचास, एकाच दोरीवर वाळत घालायचास. मत कुणाला, असं मी विचारलं की थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'आते' म्हणत सांगायचास, "आते पुरिंग, ज्याची शाई आधी वाळेल त्याला." अशा तुझ्याकडे मनिलाच्या त्या चित्रकार बाई, अमीहान, आपलं चित्र छापायला का आल्या ते मला विचारू नकोस. तीस प्रती झाल्या, त्यांनी पेन्सिलीनं आकडे घालून सह्या केल्या, तू छपाईच्या जाळीचे पडदे धुऊन टाकलेस. छापणाऱ्याची म्हणून एक प्रत तुला मिळाली, ती तू घरात लावलीस. तिथं घोळ झाला.

गुडघाभर पाणी, त्यात काळपटसा एक माणूस उभा. तोंड इकडे की पाठ इकडे, काही कळत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी हे खपलं असतं. तुमचा मुलगा रेनान्ते मालवाहू जहाजावर, आणि त्या जहाजाचा पावसाळ्याआधीपासून पत्ता नाही. तुझ्या ओन्यांगनं पहिल्याच दिवशी चित्राखाली मेणबत्ती लावली.

"हा आपला रेनान्ते," ती म्हणाली. "येतोय की निघालाय, तेवढं सांग. नवरोबा, तूच छापलंस ना?"

"मी फक्त शाई ओढली."

शेजारची तालिंग म्हणाली, तोंडच आहे, नाक दिसतंय. तिचा नवरा म्हणाला, ती कॉलर आहे, आधी चष्मा पूस. मी जन्मभर भूमिती शिकवली. सकाळी मी ठासून पाठ म्हटलं, आणि दुपारी तांदळाचा पुतो खाताना वर पाहिलं तर तो सरळ माझ्याकडे बघत होता. मला रागच आला.

मग तू छपाईसाठी केलेल्या पाच रंगांच्या पाच फिल्म बाहेर काढल्यास. एकेक खिडकीला धरली. एकीत पाणी, एकीत नुसते पट्टे, एकीत वांग्याएवढा डाग. माणूस एकीतही नव्हता. पाची एकावर एक ठेवल्या तेव्हा तो उभा राहिला, आणि पुन्हा तेच.

"मला वाटलं होतं, कुठल्यातरी रंगात मी त्याला छापला असेल," तू म्हणालास. ओन्यांग दारात होती.

दुसऱ्या दिवशी तू चित्र चौकटीतून काढून, गुंडाळून माझ्याकडे आणलंस. "आते, शनिवारी मनिलाला जाऊन बाईंनाच विचारू. तुम्ही बोला, मला नाही जमायचं."

"त्यात न जमायला काय झालं? तोंड की पाठ, एवढंच तर विचारायचं."

"आणि पाठ म्हणाल्या तर?"

"तर ओन्यांगला तसं सांगायचं."

तू मान हलवलीस. हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे.

त्या शनिवारी मी छत्री घेऊन जीपनीच्या थांब्यावर ताटकळले, तू आला नाहीस. पुढच्या शनिवारी तू उभा होतास म्हणे. मी गुडघा शेकत घरी. ओन्यांग मेणबत्ती लावतेच आहे, रिकाम्या खिळ्याखाली. गुंडाळी माझ्या दाराआड उभी आहे. जायचं आहे की नाही, तेवढं एकदा कळव.