टाकीचा भोंगा आणि मोकळा बेस

टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहू देणं हा गुन्हा आहे, असं सांगणारं पत्रक मी इंदिरा नगरच्या आमच्या गल्लीत वाटणार होते. लोकांना सांगायचं ते आधी घरात पाळायला हवं, म्हणून दोन ट्रान्झिस्टरचा भोंगा केला. पाणी टाकीच्या काठाशी सोडलेल्या दोन तारांना टेकलं की पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला, प्रवाह मिळणार आणि भोंगा वाजणार. पण जूनच्या दुपारी टाकी अर्धी असतानाच तो गच्चीवर कुरकुरू लागला.

"दीदी, पहले अपनी टंकी को समझा लो," बहीण म्हणाली.

"बेसला प्रवाहच नाही, मग वाजतो कसा?" मी चिडले.

आई विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. ती म्हणाली, "बेस मोकळा सोडला की ट्रान्झिस्टर पुरता बंद होत नाही. थोडा प्रवाह झिरपतोच, उन्हात जास्त. पहिल्यातून झिरपलेला प्रवाह दुसरा ट्रान्झिस्टर वाढवतो, म्हणून भोंगा कुरकुरतो. दुसऱ्याच्या बेसपासून त्याच्या एमिटरला, म्हणजे प्रवाह बाहेर पडतो त्या पायाला, एक रेझिस्टर लाव, म्हणजे झिरपलेला प्रवाह तिकडून निघून जाईल."

लावला. भोंगा भर उन्हातही गप्प राहिला आणि पाणी काठाशी आल्यावर खणखणीत वाजला. बहिणीने मोटर बंद केली. फाटकाबाहेर रस्ता कोरडा होता. मी पत्रकं उचलली आणि शेजारच्या घरापासून सुरुवात केली.